अक्कासाहेबांच्या पोटातलं इंजिन

आमच्याकडे मोटार आहे, असं मी कॉलेजात सांगत असे, आणि ते खोटं नव्हतं. चालते का, असं कुणी विचारलं की मात्र मी विषय क्रिकेटवर नेत असे. मोटार काळी होती, विलायती होती, टप बग्गीसारखा उंच आणि पुढे दोन बटबटीत दिवे. समोरून पाहिलं तर चष्मा लावून कुणाची तरी चूक काढायला बसलेली म्हातारीच. आजोबांना ती कुण्या सरदाराच्या कोठीवरून मिळाली होती. तिचं नाव अक्कासाहेब. हे खरं तर आजोबांच्या थोरल्या बहिणीचं नाव. त्याही उठताना अशाच कण्हायच्या आणि एकदा बसल्या की बसल्या. चाकांवरच्या अक्कासाहेब मी शाळेत असताना एकदा पोर्चमध्ये येऊन बसल्या त्या बसल्याच. इंजिनाला भेग पडली होती, आणि तो भाग आता विलायतेतही मिळत नाही असं सगळे सांगत. विलायतेला जाऊन कुणी विचारलं होतं, देव जाणे. पुढे बॉनेटवर आई कुरडया वाळत घालू लागली, कारण तिथे ऊन चांगलं तापायचं. मागच्या सीटवर मांजर दर वर्षी बाळंत व्हायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सिंचन खात्यात होते आणि फार बोलत नसत. दर रविवारी सकाळी ते फलालीनच्या तुकड्यानं अक्कासाहेबांना पुसून काढत, मग स्टिअरिंगमागे बसत, दार लावून घेत आणि अर्धा तास पेपर वाचत. त्या अर्ध्या तासात त्यांना हाक मारायची नाही, हा घरचा कायदा होता. पोहे झाले तरी नाही. आई म्हणायची, "ठंडे होऊन राहिलेत, होऊ दे. ते सध्या गाडीनं महूला गेलेत."

त्यामुळे एका संध्याकाळी अण्णांनी ताटावरच जाहीर केलं, की अक्कासाहेबांना देपालपूरचे बद्रीसेठ घेऊन जाणार, तेव्हा मी पोळीचा घास आमटीऐवजी पाण्यात बुडवला. बद्रीसेठ धान्याचे व्यापारी. कालव्याच्या कामात अण्णांची त्यांची ओळख झालेली. मुलाचं लग्न निघालं होतं आणि नवरदेवाला जुन्या मोटारीतून मिरवायची त्यांना हौस होती. पुढे ती लग्नाकार्याला भाड्यानं देता येईल असाही हिशेब होता. "ट्रॅक्टर लावून ओढून नेतील," अण्णा म्हणाले. "रविवारी येतायत. मी शब्द दिलाय. उगाच पावसापाण्यात सडतेय इथे." एवढं बोलून त्यांनी ताक मागितलं. अण्णा रात्री ताक कधीच पीत नसत. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दुसऱ्या दिवशी अण्णा खात्याच्या कामाला भोपाळला गेले, ते शनिवारी परतणार होते. आणि त्यांची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळते न वळते तोच माझ्या डोक्यात किडा वळवळला: अक्कासाहेब जर चालायला लागल्या, तर अण्णा त्यांना कशाला विकतील? माझ्याजवळ सहा दिवस होते. आत्मविश्वास मात्र सहा वर्षांचा होता.

माझी लायकी इथेच सांगून टाकतो. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करत होतो, म्हणजे तिसरं सेमिस्टर दुसऱ्यांदा करत होतो. घरातला टेबलफॅन मी दुरुस्त केला, तर तो त्यानंतर हवा पुढे टाकायच्याऐवजी मागून ओढून घेऊ लागला. आई त्याच्या पाठीमागे बसून भाजी निवडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या नंदूनं केलाय. उलटं बसलं की छान लागतो." पण अक्कासाहेबांच्या बाबतीत माझ्या हाताशी बब्बू उस्ताद होते. कोपऱ्यावर त्यांचं गॅरेज, तोंडात कायम पान, आणि ऐन उमेदीपासून त्यांनी अक्कासाहेबांची नाडी पाहिलेली. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते गाडीखाली झोपलेले होते. तिथूनच आवाज आला, "पुराना इंजन तो गया, भिया. नया डालना पड़ेगा. मेरे पास एक टैक्सी का पड़ा है. टैक्सी उलट गई, इंजन को खरोंच नी आई. गियरबॉक्स भी साथ में."

"बसेल?"

"बैठेगा नी तो बिठाएँगे."

त्या इंजिनाच्या बदल्यात मी माझी मोटारसायकल त्यांना देऊन टाकली. आईला सांगितलं, मित्रानं नेलीय. खोटं बोललो, पण बब्बू उस्ताद मित्रच होते की.

आता इथे मेधाला आणायला हवं. ती आमच्या शेजारी राहणाऱ्या तिच्या मामांकडे पुण्याहून बी.एड. करायला आलेली. आल्या आल्या तिनं आमच्या गल्लीचं मराठी तपासायला घेतलं. आम्ही इंदूरची मराठी माणसं काय बोलतो ते आम्हाला ठाऊक आहे. व्याकरण घरचं आणि शब्द बाजारातले. आम्ही 'करून राहिलो' म्हणतो, आम्हाला 'परेशानी' होते आणि आमची पिशवी 'खाली' असते. एकदा आईनं मला मामींकडे साखर मागायला पाठवलं. दार मेधानं उघडलं. मी डबा पुढे करून म्हणालो, "डबा खाली आहे."

तिनं गंभीरपणे वाकून जमिनीकडे पाहिलं. "कुठे खाली? हा तर तुमच्या हातात आहे."

"म्हणजे... खाली. एकदम खाली."

"रिकामा," ती म्हणाली. "रिकामा आहे. खाली म्हणजे वरच्या उलट. खाली बसा, खाली उतरा, जिन्याखाली. तुम्ही हिंदी बोलून राहिला आहात." आणि 'बोलून राहिला' असं हुबेहूब आमच्यासारखं म्हणून ती खुदकन हसली. मी साखर न घेताच परत आलो. आईनं विचारलं तर म्हणालो, डबा रिकामा आहे. आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या दिवसापासून मी शुद्धीची शपथ घेतली. रात्री उशाशी शब्दकोश. 'परेशानी' गेली, 'त्रास' आला. 'ठंडं' गेलं, 'थंड' आलं. 'खाली' हा शब्द तर मी असा काही उभा-आडवा घासला, की हिंदीचा रंग त्यावर औषधालाही उरला नाही. (हे प्रकरण वाचताना मेधानं इथे समासात लाल पेननं लिहिलंय, 'अतिशयोक्ती'. राहू दे.)

इंजिन लोडिंग रिक्षात आडवं निजून आलं. जुनं काढायचं आणि नवं बसवायचं म्हणजे ते उचलून धरायला वर काहीतरी भक्कम हवं. उस्तादांनी पोर्चच्या छताकडे पाहिलं. तिथे लोखंडी तुळईला दोन जाड कड्या होत्या आणि त्या कड्यांना आईचा झोपाळा होता. दुपारी चार वाजता चहाचा कप घेऊन आई त्यावर बसायची, आणि तो करकरला की गल्लीला चार वाजल्याचं कळायचं. मी आईला समजावलं, की दोन दिवसांचाच प्रश्न आहे. आईनं पदर खोचला, झोपाळा स्वतः उतरवला आणि म्हणाली, "अण्णांच्या गाडीसाठी ना? मग बांध तिथे काय बांधायचं ते. पण माझं छत पडलं तर त्या बब्बूला सांग, मी त्याच्या दुकानात येऊन झोके घेईन."

"नी गिरेगा, ताई," उस्ताद म्हणाले. "ये छत अंग्रेजों के टाइम का है."

"अंग्रेज गेले की!" आई म्हणाली.

कड्यांना साखळीची कप्पी लावली, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता आईच्या झोपाळ्याच्या जागी टॅक्सीचं इंजिन लोंबकळत होतं आणि हलकेच झोके घेत होतं. आई पायरीवर बसून त्याच्याकडे बघत चहा पीत होती. मेधा फाटकाशी येऊन उभी राहिली. मी टी-शर्टला मुद्दाम थोडं ग्रीस लावून घेतलं. तेवढ्यात माझं लक्ष इंजिनाच्या बुडाकडे गेलं. तिथे तेलाचं चेंबर असतं, परातीसारखं. त्याच्या बाजूवर खडूनं, पाटीवर लिहावं तसं ठसठशीत लिहिलं होतं: खाली.

मला भरून आलं. "बघा," मी मेधाला म्हणालो, "तुम्ही आमच्या इंदूरला नावं ठेवता. इथला मिस्त्रीसुद्धा शुद्ध मराठी लिहितो. ही बाजू खाली!"

तिनं फाटकातून मान लांब करून वाचलं. "लीसुद्धा दीर्घ आहे," ती कौतुकानं म्हणाली. बी.एड.च्या विद्यार्थिनीकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं. मला क्षणभर वाटलंही, की चेंबर खालीच असतं, ते कुणी डोक्यावर घेत नाही, मग लिहायचं कशाला? पण शुद्धलेखनाच्या आनंदात असल्या शंकांना कोण विचारतो.

मग इंजिन उतरवायची वेळ आली. साखळी उस्तादांच्या हातात, मी बॉनेटमध्ये अर्धा वाकलेला, आणि मेधा बघतेय म्हणून माझा आवाज तोफखान्यासारखा. "खाली!" मी ओरडलो. "खाली! आणखी खाली!"

"हाँ भिया, खाली ही है," उस्ताद वरून म्हणाले. "मैंने ही करी है. तू उँगली बचा."

मी ऐकलं, आणि मला वाटलं, वा, काय समरसून काम करतोय माणूस. आज लिहिताना मला तो क्षण अगदी स्पष्ट दिसतो. आम्ही दोघं एकाच इंजिनावर वाकलेले, एकच शब्द बोलत होतो, आणि एक माणूस तळमजल्याबद्दल बोलत होता तर दुसरा तेलाबद्दल.

पुढचे दोन-तीन दिवस मजेत गेले, असं म्हणणं कमी पडेल. घर म्हणजे जत्रा झाली होती. नवं इंजिन अक्कासाहेबांच्या जुन्या पायांवर बसेना, म्हणून उस्तादांनी लोखंडी पट्ट्या कापून नव्या घोड्या वेल्ड केल्या. ठिणग्या उडायला लागल्या की आई आतून ओरडायची, "कुरडया आत घ्या!" पूर्वी अक्कासाहेबांचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. नव्याचा दांडा थेट जमिनीतून वर यायचा, म्हणून पत्रा कापून मधोमध भोक पाडलं. ते चार बोटं चुकलं. दुसरं पाडलं, ते बरोबर आलं. चुकलेल्या भोकावर आईनं घरातलं जुनं झाकण दिलं, त्यावर 'हरभरा डाळ' असं लिहिलेलं होतं. बॉनेट लागेना, कारण हवेची गाळणी उंच. त्यालाही भोक पाडलं, तर गाळणी नाकासारखी वर आली. अक्कासाहेब आता चष्म्यासकट वासही घेऊ लागल्यासारख्या दिसत होत्या. पंख्याची हवा मात्र या वेळी बरोबर दिशेनं जात होती. ती उस्तादांनी बघितली होती.

शुक्रवारी संध्याकाळी नळ्या, वायरी, रेडिएटर सगळं जोडून झालं. उस्तादांनी हात पुसले. "कल दोपहर मेरेको सांवेर जाना है, भानजी की सगाई है. शाम को आके चालू करेंगे. तब तक हाथ मत लगाना." मी मान डोलावली. माझी ही सवय जुनी आहे. मान डोलवायला मी नेहमी तयार असतो.

शनिवारी दुपारी मेधा फाटकाशी आली. हातात गराडूची वाटी. तळलेला कंद, वर जिरावणाचा झणझणीत मसाला आणि लिंबू. इंदुरात आल्यापासून ती या पदार्थाच्या नादी लागली होती, आणि मामींनी आईसाठी तो दिला होता. तिला जिरावणाची शिंक आली. मग पोर्चकडे बघून ती म्हणाली, "झालं वाटतं सगळं? चालते का हो?"

त्या 'का हो'नं घात केला. मी म्हणालो, "चालते म्हणजे काय! बघाच." तेलाची पट्टी काढून बघायची असते, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या सेमिस्टरमध्ये ते येतं, आणि मी ते दोनदा शिकलो होतो. पण समोर वाटी घेऊन उभी असलेली मुलगी सोडून इंजिनात पट्टी कोण शोधत बसतो? मी स्टिअरिंगमागे, अण्णांच्या जागेवर बसलो आणि किल्ली फिरवली. खर्र, खर्र. दुसऱ्या वेळी धक्का बसला, तिसऱ्या वेळी अक्कासाहेब जाग्या झाल्या! इतक्या वर्षांनी! आई हातातलं लाटणं घेऊन धावत बाहेर आली. सीटखालून मांजर बाणासारखी सुटली. आई लाटणं नाचवतेय, मेधा वाटी सांभाळत हसतेय, आणि मी वेड्यासारखा ॲक्सिलेटर दाबतोय. गल्लीतली चार दारं उघडली. मी आणखी दाबला. मग इंजिनाच्या पोटात कुणी तरी हातोडीनं ठोकल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, उत्साह आहे. मग किंचाळल्यासारखं काहीतरी झालं, जळका वास आला आणि सगळं गप्प. एखादा वक्ता ऐन भाषणात खुर्चीवर कोसळावा तसं. किल्ली फिरवली तर टक. फक्त टक.

मामांच्या फोनवरून सांवेरला, सगाईच्या घरी निरोप गेला. उस्ताद नव्या झब्ब्यात, कपाळाला टिळा आणि खिशात लाडू घेऊन तासाभरात आले. त्यांनी पट्टी काढली. कोरडी. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात पान नव्हतं.

"तेल डाला था?"

"तेल... त्यात होतं ना?"

"अरे लिख के रखा था, भिया! इत्ते बड़े अक्षर में! खाली! रिक्शे में आड़ा लाना था तो मैंने सारा तेल निकाल दिया. तूने खुद भी चिल्लाया था, खाली, खाली! मैंने सोचा, लड़के को मालूम है!"

मेधा हळूच पायरीवर टेकली. तिचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही. आम्हा दोघांचं मिळून एक शुद्ध मराठी त्या चेंबरवर कोरडं पडलं होतं.

आणि नेमके त्याच वेळी अण्णा भोपाळहून आले. हातात बॅग. त्यांनी झोपाळ्याच्या जागी लोंबणारी साखळी पाहिली, बॉनेटमधून वर आलेलं नाक पाहिलं, हरभरा डाळीचं झाकण पाहिलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मोटारसायकलही सांगितली. अण्णांनी बॅग ठेवली, कोट काढून आईच्या हातात दिला, आणि सिंचन खात्याचे ते अधिकारी पोर्चमध्ये फरशीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. बराच वेळ फक्त त्यांचे पॉलिश केलेले बूट दिसत होते.

"काय लिहिलंय म्हणालास?" आतून आवाज आला.

"खाली."

"आणि तू काय वाचलंस?"

"खाली."

बूट हलायला लागले. आधी मला वाटलं, त्यांना काही झालं. मग कळलं, अण्णा हसतायत. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. गाडीखाली, उताणे, पाय झाडत. "आपल्याला इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या," ते धापा टाकत म्हणाले, "अजून आपल्याला खाली कुठे आणि खाली काय ते कळत नाही!" आईलाही हसू आवरेना. पण बाहेर आल्यावर त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि मग तोच रुमाल घेऊन अक्कासाहेबांच्या दाराची कडी पुसली. "चालली होती?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"एक मिनिटभर."

"आवाज कसा होता?"

मी सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "उद्या बद्रीसेठ येतायत. शब्द दिलाय मी." आणि आत गेले.

रविवारी सकाळी उजाडताच उस्ताद आले. प्लग काढून त्यांनी आत तेल सोडलं, पान्यानं इंजिन कणाकणानं फिरवत बसले, तोंडानं कुणाची तरी विनवणी करत. आठ वाजता ते सुटलं. चेंबरमध्ये तेल भरलं, किल्ली फिरवली, आणि अक्कासाहेब पुन्हा जिवंत! फक्त आता पोटात एक ठोका बसला होता. दोन सुरांचा, आधी जड, मग हलका. "बेरिंग का है," उस्ताद म्हणाले. "चलेगी. बोलती रहेगी."

मी आनंदानं अण्णांना हाक मारणार, तोच फाटकात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. बद्रीसेठ खाली उतरले. डोक्याला पिवळा साफा, लग्नाआधीच. त्यांनी धडधडणारं बॉनेट पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. "अरे वा, साब! आपने तो चालू कर दी! मैं तो ट्रैक्टर लाया था!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून ठेवलंय. मी सहा दिवस आणि एक मोटारसायकल घालून बद्रीसेठसाठी गाडी तयार करत होतो. बंद गाडी ते एकवेळ विसरले असते. चालू गाडी सोडणार होते होय? माझ्यासारख्या माणसाची मेहनत नेहमी कुणाच्या तरी कामाला येते, फक्त आपल्या नाही.

अण्णा शब्दाला पक्के. ते म्हणाले, "राजवाड्यापर्यंत फिरवून आणू. सेठना चाल बघू दे." मला चालवायला बसवलं, बद्रीसेठ शेजारी, अण्णा मागे. मेधा फाटकाशी उभी होती, रात्रभर झोपलेली नसावी. अण्णांनी दार उघडलं. "तूही बस, बाई. लीसुद्धा दीर्घ आहे, हे तू सांगितलंस म्हणे." ती लाल झाली आणि बसली.

अक्कासाहेब निघाल्या! रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. पोह्यांच्या टपरीवरच्यांनी हात हलवले. बद्रीसेठ खिडकीतून सगळ्यांना रामराम करत होते. आणि पोटातला ठोका चालूच होता, ठॉक-टक, ठॉक-टक. राजवाड्याच्या अलीकडे गर्दीत गाडी मंदावली आणि तो स्पष्ट ऐकू यायला लागला. बद्रीसेठनी कान टवकारला आणि ही काय बोलतेय, असं माळवीत विचारलं. "या कईं बोली री हे?"

मी आरशात पाहिलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते, ओठ घट्ट मिटून, एक हात सीटच्या कडेवर ठेवून. मेधानं त्यांच्या त्या हाताकडे पाहिलं. मग ती पुढे झुकली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर स्वच्छ, खणखणीत इंदुरी हिंदी बोलली.

"सेठजी, ध्यान से सुनो ना. ये तो साफ बोल री है. खा-ली. खा-ली. खा-ली."

बद्रीसेठनी ऐकलं. मीही ऐकलं. आणि देवाशपथ, त्यानंतर त्या इंजिनातून दुसरं काही ऐकूच येईना. ठॉक-टक, खा-ली. ठॉक-टक, खा-ली. सेठचा चेहरा उतरत गेला. "म्हारा छोरा को ब्याव हे," ते पुटपुटले. "लाड़ा-लाड़ी बैठेंगे, सारा गाँव सुनेगा, और गाड़ी बोलेगी खाली-खाली? घर खाली, गोद खाली?" त्यांनी साफा सरळ केला. "नी साब. बुरा मत मानना. या गाड़ी म्हारे नी चइये. घोड़ी पे बिठाऊँगा छोरे को."

"मैंने तो शब्द दिया है, सेठ," अण्णा म्हणाले.

"शब्द मैं वापस करता हूँ, साब. हाथ जोड़ के."

राजवाड्यासमोर गाडी उभी करून आम्ही पोहे-जिलबी खाल्ली. बद्रीसेठनीच खाऊ घातली, अपशकुनातून सुटल्याच्या आनंदात. अण्णांनी दोन बशा संपवल्या. परत जाताना ते मला म्हणाले, "सरक. मी चालवतो." चुकलेल्या भोकावरचं झाकण त्यांच्या पायाखाली खडखडत होतं, गिअर त्यांना सापडत नव्हता, आणि ते मोठ्यानं काहीतरी गुणगुणत होते. मागच्या सीटवर मी मेधाच्या शेजारी होतो. मी हळूच म्हणालो, "तुम्ही हिंदी बोलून राहिला होतात."

"गप्प बसा," ती म्हणाली, आणि तिला पोह्यांवरच्या जिरावणाची शिंक आली.

अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली. बब्बू उस्तादांचं गॅरेज आता त्यांचा पुतण्या चालवतो. अक्कासाहेब अजून आमच्या पोर्चमध्ये आहेत, झोपाळाही आपल्या कड्यांना परत गेलाय. रविवारी मी गाडी चालू करतो, पाच मिनिटं ती बोलते ते ऐकतो आणि बंद करतो. पुतण्या दर वेळी म्हणतो, काका, बेरिंग बदलून टाकू, आवाज जाईल. मी मान डोलावतो.

काल दुपारी स्वयंपाकघरातून मेधाची हाक आली, "अहो, साखरेचा डबा खाली आहे." मी गुडघे धरत वाकलो. ओट्याखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, पिठाच्या पिंपामागे हात घातला. डबा तिथे नव्हता. कंबर धरून उठलो, तर तो समोर फळीवर, माझ्या नाकासमोर होता. आतमध्ये साखरेचा कणही नव्हता. मेधा दारात टेकून उभी होती, पदर तोंडाला लावून.

"शाळेत एवढी वर्षं मराठी शिकवलंस," मी म्हणालो. "तुला 'रिकामा' म्हणता येत नाही?"

"येतं की," ती म्हणाली. "पण मग तुम्ही वाकला नसता."